भांडवलाचे दार बंद असताना: मॅडम सी. जे. वॉकर यांचा उद्योग नेमका कसा उभा राहिला

ऑगस्ट १९१२ मध्ये शिकागो शहरात नॅशनल नीग्रो बिझनेस लीग या कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरले होते. संघटनेचे संस्थापक आणि त्या काळचे अमेरिकेतील सर्वांत वजनदार कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी होते. इंडियानापोलिसहून आलेल्या एका उद्योजक बाईंना बोलण्याची संधी द्यावी, अशी सूचना एका वृत्तपत्राच्या प्रकाशकाने केली, पण अध्यक्षांनी त्या सूचनेकडे सरळ कानाडोळा केला. शेवटच्या दिवशी त्या बाई स्वतःच उभ्या राहिल्या आणि, माझ्या तोंडावर दार लावण्याचा तर तुमचा विचार नसेल ना, असे विचारून बोलू लागल्या. दक्षिणेतल्या कपाशीच्या शेतातून मी आले, तिथून मला बढती मिळाली ती कपडे धुण्याच्या टबापाशी, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून मी स्वतःच स्वतःला बढती देऊन केसांची उत्पादने तयार करण्याच्या धंद्यात आणले, माझ्या स्वतःच्या जमिनीवर मी माझा कारखाना बांधला आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे सभेच्या वृत्तांतात नोंदलेले आहे. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात त्याच वॉशिंग्टन यांनी त्यांना सन्मानाने वक्ता म्हणून बोलावले.

या बाई म्हणजे मॅडम सी. जे. वॉकर. त्यांची कहाणी बहुधा जिद्दीची आणि स्वप्नपूर्तीची म्हणून सांगितली जाते, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु जिद्द हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्यांच्याइतक्याच कष्टाळू आणि जिद्दी असलेल्या लाखो कृष्णवर्णीय स्त्रिया त्याच काळात आयुष्यभर टबापाशीच राहिल्या. ज्या समाजात बँक कर्ज देत नाही, मोठी दुकाने माल ठेवत नाहीत, सर्वसामान्य वृत्तपत्रे तुमच्या गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक मानत नाहीत आणि शिक्षणाच्या नावाने जेमतेम तीन महिन्यांची शाळा पदरी आहे, तिथे उद्योगाला लागणारे भांडवल, बाजारपेठ आणि मनुष्यबळ ही तिन्ही कुठून आली, हा खरा प्रश्न आहे. व्यवसायाच्या अंगाने पाहिले, तर त्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्टपणे मांडता येते.

वॉकरबाईंचे मूळ नाव सारा ब्रीडलव. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी, त्याच कापूस-मळ्यावर जिथे तिचे आईवडील ओवेन आणि मिनर्व्हा गुलाम म्हणून राबले होते. यादवी युद्ध संपून दोन वर्षे झाली होती, त्यामुळे भावंडांमध्ये स्वतंत्र म्हणून जन्मलेली ती पहिली. मराठी वाचकाला हा काळ अगदीच अनोळखी नाही. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा सारा पाच वर्षांची होती. मात्र त्या मुक्तीचा मळ्यावरचा व्यवहार कसा चालत होता, हे पाहिल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

कायद्याने माणूस मोकळा झाला, पण जमीन मालकाचीच राहिली. मोकळे झालेले कुटुंब त्याच मळ्यावर बटईने शेती करू लागले. बी-बियाणे, अवजारे, खायचे धान्य आणि कपडे उधारीवर मिळत, हिशेबाची वही मालकाकडे असे, आणि कापूस विकल्यावर उधारी वजा जाता हातात पडे ते नाममात्र किंवा उलट कर्जच. म्हणजे काम करणाऱ्याला मजुरी मिळत होती असे म्हणता येते, पण शिल्लक पडत नव्हती, आणि शिल्लक नसेल तर भांडवल नाही. ज्यांनी थोडेफार साठवले त्यांचेही भले झाले नाही. मुक्त गुलामांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये अमेरिकी संसदेच्या सनदेने स्थापन झालेली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक गैरकारभारामुळे १८७४ मध्ये बुडाली, आणि ६१ हजारांहून अधिक खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. घामाचा पैसा सरकारी शिक्का असलेल्या बँकेतही सुरक्षित नाही, हा धडा एका संपूर्ण पिढीला मिळाला.

सारा सात वर्षांची होण्याच्या सुमारास आई आणि वडील दोघेही गेले. मोठी बहीण लूविनियाबरोबर ती मिसिसिपी नदी ओलांडून व्हिक्सबर्गला आली आणि दहाव्या वर्षापासून लोकांच्या घरी कामाला लागली. मेहुण्याच्या जाचातून सुटून स्वतःचे घर मिळावे म्हणून चौदाव्या वर्षी लग्न केले, असे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. १८८५ मध्ये मुलगी लीलिया झाली आणि १८८७ मध्ये नवरा मोझेस मॅकविल्यम्स वारला. वयाच्या विसाव्या वर्षी, पदरी दोन वर्षांची मुलगी घेऊन, ती सेंट लुइसला गेली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करत होते.

सेंट लुइसमध्ये तिने कपडे धुण्याचे काम धरले आणि त्यात उमेदीची जवळजवळ सतरा-अठरा वर्षे काढली. या कामाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. सोमवारी गोऱ्या घरांतून मळक्या कपड्यांची बोचकी डोक्यावर किंवा हातगाडीवर आणायची, पाणी हापशावरून किंवा विहिरीतून भरायचे, लोखंडी कढईत कपडे उकळायचे, कास्टिकचा अंश असलेल्या जहाल साबणाने खरबरीत पत्र्याच्या फळीवर घासायचे, पिळायचे, खळ घालायची, वाळवायचे, मग चुलीवर तापवलेल्या जड इस्त्र्या एकामागून एक बदलत इस्त्री करायची आणि शनिवारी कपडे पोचवून पैसे घ्यायचे. दिवसाला पडत दीड डॉलरच्या आतबाहेर. तरीही पुष्कळ कृष्णवर्णीय स्त्रिया हे काम मोलकरणीच्या नोकरीपेक्षा पसंत करत, आणि त्याचे कारण साधे होते: कपडे स्वतःच्या अंगणात धुता येत, मुले नजरेसमोर राहत आणि दिवसभर मालकिणीच्या हाताखाली वावरावे लागत नसे. उत्पन्न तुटपुंजे असले तरी वेळेवर स्वतःचा ताबा होता. पुढे वॉकरबाईंनी आपल्या एजंट स्त्रियांना जे देऊ केले, त्याचे मूळ या पसंतीतच आहे असे मला वाटते.

याच धुण्याच्या पैशांतून सारा हिने लीलियाला टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल कॉलेजमध्ये शिकायला पाठवले. टबावर वाकलेली असताना, म्हातारपणी पाठ ताठली तर आपल्या पोरीला कोण बघणार, हा विचार मनात येई, असे तिने नंतर एका मुलाखतीत सांगितले. धंदा बदलण्याची इच्छा होती, पण कृष्णवर्णीय स्त्रीसाठी शेतमजुरी, धुणे आणि घरकाम यांपलीकडे खुली असलेली कामे म्हणजे शिक्षिका, शिवणकाम आणि अशीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिक्षिका होण्यासाठी शिक्षण हवे होते, आणि ते तिच्याकडे नव्हते. त्यामुळे शेत, टब आणि स्वयंपाकघर हे तिचे पहिले तीन धंदे आजच्या अर्थाने ‘करिअर बदल’ म्हणावेत असे नव्हते. कामाची जागा तेवढी बदलत होती, कमाईची पातळी तीच राहत होती.

बदलाची वाट सापडली ती एका त्रासातून. साराचे केस गळू लागले आणि टाळूवर चट्टे दिसू लागले. ही तक्रार तिच्या एकटीची नव्हती. घरात नळ नाही, न्हाणीघर नाही, त्यामुळे केस वारंवार धुतले जात नसत. टाळूचे रोग, निकस आहार आणि जहाल साबण यांचा मारा रोजचा होता. बाजारात मिळणारी बहुतेक प्रसाधने गोऱ्या स्त्रियांच्या केसांसाठी बनवलेली, आणि जी कृष्णवर्णीयांना विकली जात त्यांच्या जाहिराती त्यांचीच टवाळी करणाऱ्या. म्हणजे गरज मोठी आणि ती भागवण्यात कोणालाच रस नाही, असा हा बाजार होता. मोठ्या कंपन्यांनी ज्या गिऱ्हाइकाला तुच्छ लेखले, तिथे छोट्या धंद्याला स्पर्धेचा त्रास कमी, ही गोष्ट वॉकरबाईंच्या आधी आणखी एका स्त्रीने ओळखली होती.

त्या स्त्रीचे नाव ॲनी टर्नबो, लग्नानंतर ॲनी मॅलोन. त्यांचा जन्म १८६९ चा, इलिनॉय राज्यातला. १९०२ मध्ये त्या सेंट लुइसला आल्या आणि केस वाढवण्याचे आपले औषधी मलम दारोदार फिरून, प्रत्यक्ष लावून दाखवून विकू लागल्या. साराने आधी त्यांचे उत्पादन वापरले आणि मग ती त्यांची एजंट झाली. वॉकरबाईंच्या चरित्रात ॲनी मॅलोन यांचा उल्लेख अनेकदा ओझरता येतो, हे मला अन्यायाचे वाटते, कारण दारोदार विक्री, प्रात्यक्षिक आणि स्त्री-एजंटांचे जाळे या कल्पना साराने तिथेच पाहिल्या आणि शिकल्या. पुढे दोघींचे बिनसले, आपल्या मालाची नक्कल होते आहे असा आरोप टर्नबो यांनी केला आणि १९०६ मध्ये ‘पोरो’ हे आपले नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतले. वॉकरबाईंची स्वतःची कथा वेगळी होती. स्वप्नात एक कृष्णवर्णीय पुरुष आला, त्याने मलमाची कृती सांगितली आणि त्यातले काही घटक आफ्रिकेतून मागवले, असे त्या सांगत. मलमात मुख्यतः पेट्रोलियम जेली आणि गंधक होते. गंधकाचा टाळूच्या विकारांवरचा उपयोग तेव्हा वैद्यकात ठाऊक होता. स्वप्नाची कथा ही उत्तम जाहिरात होती, याविषयी मला शंका नाही. जाता जाता आणखी एक गैरसमज: केस सरळ करण्याचा तापवलेला लोखंडी कंगवा वॉकरबाईंनी शोधला, असे अजूनही छापले जाते, पण ते खरे नाही. तो त्यांच्या आधीपासून वापरात होता.

जुलै १९०५ मध्ये सारा कोलोराडो राज्यातील डेन्व्हरला गेली. गाठीशी होते अवघे दीड डॉलर, असे ती सांगत असे. तिथे एका औषधविक्रेत्याच्या घरी स्वयंपाकीण म्हणून पगार मिळवायचा, आठवड्यातले काही दिवस धुणी धुवायची आणि उरलेल्या वेळात मलम विकायचे, असा क्रम होता. धंदा सुरू करताना नोकरी न सोडण्याचा हा निर्णय लहानसा वाटतो, परंतु भांडवल नसलेल्या उद्योजकाच्या बाबतीत पगार हेच पहिले भांडवल असते. जानेवारी १९०६ मध्ये तिने वृत्तपत्राच्या जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केले आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’ हे आपले उत्पादन बाजारात आणले. त्या काळी गोरी माणसे कृष्णवर्णीय स्त्रीला, तिचे वय कितीही असो, पहिल्या नावानेच हाक मारत. ज्या नावाच्या सुरुवातीलाच ‘मॅडम’ आहे आणि पहिले नाव आद्याक्षरांत झाकलेले आहे, त्याला तशी हाक मारता येत नाही.

यापुढे खरी रचना सुरू होते, आणि ती टप्प्याटप्प्याने पाहणे सोयीचे आहे. पहिला प्रश्न खेळत्या भांडवलाचा होता. कारखाना काढून, माल तयार करून, तो दुकानांत उधारीवर ठेवून, विक्री झाल्यावर पैसे मिळण्याची वाट पाहायची, ही नेहमीची रीत पैसेवाल्यालाच परवडते. वॉकरबाईंनी क्रम उलटा केला. त्या सप्टेंबर १९०६ पासून दक्षिणेच्या राज्यांत गावोगाव फिरल्या, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आणि मंडळांच्या सभागृहांत प्रात्यक्षिके करून ऑर्डरी घेतल्या, आणि डेन्व्हरला बसलेली लीलिया टपालाने माल पाठवू लागली. मागणी आधी आणि उत्पादन नंतर, त्यामुळे मालात पैसा अडकून पडत नव्हता. टपाल खाते ही सरकारी यंत्रणा होती, ते पार्सल कुणाच्या रंगावरून अडवत नव्हते. जी दुकाने त्यांना दारात उभे करत नव्हती, ती या व्यवस्थेत लागणारच नव्हती.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. अनोळखी बाईच्या डबीसाठी पन्नास सेंट, म्हणजे धुणाऱ्या बाईच्या दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, कुणी का द्यावा? वॉकरबाईंनी डबीवर आणि जाहिरातींत स्वतःचाच चेहरा छापला. उपचारापूर्वीचे आखूड केस आणि उपचारानंतरचे खांद्याखाली उतरलेले केस, अशी त्यांचीच छायाचित्रे शेजारी शेजारी असत. या जाहिराती कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत येत. ही साप्ताहिके एकाने विकत घेऊन दहांनी वाचायची असत आणि रेल्वेने दूरच्या गावांपर्यंत पोचत. आमच्यासारखीच बाई, आमच्यासारखेच केस, आणि तिला गुण आला, हा पुरावा कोणत्याही डॉक्टरच्या प्रशस्तिपत्रापेक्षा बोलका होता.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विक्री करणाऱ्या माणसांचा. इथे वॉकरबाईंनी जे केले त्यामुळे त्यांचा धंदा मलमाचा राहिला नाही. १९०८ मध्ये पिट्सबर्गला त्यांनी लीलिया कॉलेज नावाची प्रशिक्षणशाळा काढली. ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नव्हते त्यांना टपालाने अभ्यासक्रम मिळे. शुल्क २५ डॉलर, म्हणजे धुण्याच्या हिशेबाने दोन-तीन आठवड्यांची कमाई. शिकवले काय जाई, तर ‘वॉकर पद्धत’. टाळू तपासणे, केस शांपूने धुणे, मलम चोळणे, तेलकट ‘ग्लॉसिन’ लावून तापवलेल्या कंगव्याने केस मोकळे करणे. त्याखेरीज हात आणि नखे स्वच्छ ठेवणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, हिशेब ठेवणे. शिकून तयार झालेली स्त्री आपल्या स्वयंपाकघरात एक खुर्ची आणि चुलीवर एक कंगवा ठेवून धंदा सुरू करू शकत होती. शेजारीण शनिवारी संध्याकाळी येई, रविवारच्या चर्चसाठी केस करून जाई, आणि जाताना मलमाची डबी घेऊन जाई. एजंटला सेवेचा मोबदला मिळे आणि मालाच्या विक्रीवरचा फायदाही.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर हिशेब असा दिसतो: एजंट शुल्क भरते, माल रोखीने उचलते, स्वतःच्या घरात दुकान मांडते आणि स्वतःच्या ओळखींतून गिऱ्हाईक आणते. म्हणजे शाखा उघडण्याचा खर्च कंपनीला नाही, उधारी बुडण्याची भीती नाही. बँकेने नाकारलेले भांडवल हजारो स्त्रियांनी थोडे थोडे करून पुरवले, असेच याचे वर्णन करावे लागेल. ‘चेन मार्केटिंग’च्या नावाखाली पोळलेल्या मराठी वाचकाला इथे शंका येईल आणि ती रास्त आहे. फरक असा की, नुसती नवी माणसे जोडून पैसे मिळवण्याच्या योजनेत शेवटच्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. इथे एजंटच्या हाती केशसेवेची कला राहत होती, आणि कंपनीशी संबंध तुटला तरी त्या कलेवर पोट भरता येत होते. जाहिरातींतले कमाईचे आकडे अर्थातच उत्तमोत्तम एजंटांचे असत. सगळ्यांना तितके मिळत नसणार, हे ध्यानात ठेवलेले बरे. तरीसुद्धा पर्याय धुण्याच्या टबाचा होता, हेही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे.

१९१० मध्ये वॉकरबाई इंडियानापोलिसला आल्या. अनेक रेल्वेमार्ग एकत्र येणारे हे शहर माल पाठवण्यासाठी सोयीचे होते, आणि तिथे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र व व्यावसायिक वर्ग दोन्ही होते. इथे त्यांनी कारखाना उभारला, फ्रीमन रॅन्सम या तरुण वकिलाला कायद्याचे काम सोपवले आणि पूर्वी शिक्षिका असलेल्या ॲलिस केली यांना कारखान्याची व्यवस्था दिली. केलीबाई त्यांच्या शिकवणीबाईही झाल्या, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या वॉकरबाई पत्रलेखन व भाषा शिकत राहिल्या. १९११ मध्ये १० हजार डॉलर भागभांडवलाची कंपनी नोंदवली गेली आणि सगळे समभाग वॉकरबाईंच्या नावावर राहिले. कंपनीची नोंदणी म्हणजे धंदा मालकाच्या घरापासून आणि संसारापासून कायद्याने वेगळा करणे. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, चार्ल्स वॉकर यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला. उद्योगाला मात्र धक्का लागला नाही, आणि नाव वॉकरच राहिले. शिकागोच्या अधिवेशनात ‘माझ्या स्वतःच्या जमिनीवर’ हे शब्द त्यांनी ठासून उच्चारले, त्याला ही पार्श्वभूमी होती. बटईच्या शेतावर जन्मलेल्या बाईला मालकी कागदावर असण्याचे महत्त्व कुणी समजावण्याची गरज नव्हती.

धंदा वाढत गेला तो लोकांच्या स्थलांतराबरोबरही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या शहरांकडे निघाले. शहरात रोख पगार होता आणि नीटनेटके दिसण्याची अपेक्षाही होती. १९१३ मध्ये वॉकरबाई जमैका, क्यूबा, हैती, कोस्टा रिका आणि पनामा इथे जाऊन आल्या आणि तिथेही एजंट नेमले. १९१६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १३६ व्या रस्त्यावरच्या घरात राहायला आल्या. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथून वीसएक रस्ते दक्षिणेला, ११६ व्या रस्त्यावरील कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम कसे घडत होते हे त्यांच्याही डोळ्यांसमोर होते.

वॉकरबाईंवर त्यांच्या हयातीतच झालेली मोठी टीका टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. कुरळे केस सरळ करणे म्हणजे गोऱ्यांच्या सौंदर्यकल्पनेपुढे मान तुकवणे, असा आक्षेप अनेक धर्मोपदेशकांनी आणि नेत्यांनी घेतला. वॉशिंग्टन यांचा सुरुवातीचा थंडपणाही यातूनच आलेला होता. आपण केस सरळ करत नाही, केस आणि टाळू निरोगी करतो, असे वॉकरबाई आग्रहाने सांगत, आणि सरळ करण्याचा शब्द जाहिरातींत येऊ देत नसत. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. टाळूच्या रोगाने केस गमावलेल्या स्त्रीला स्वच्छतेचे आणि उपचाराचे साधन मिळाले हे खरे, आणि तापवलेला कंगवा त्या उपचाराचाच भाग होता हेही खरे. ज्या बाजारात नोकरी मिळणे-न मिळणे केसांवरूनही ठरत होते, तिथे गिऱ्हाइकाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या असतील असे वाटत नाही.

एजंटांची संख्या वाढल्यावर वॉकरबाईंनी त्यांना स्थानिक मंडळांत संघटित केले, आणि ऑगस्ट १९१७ मध्ये फिलाडेल्फियाला पहिले राष्ट्रीय अधिवेशन घेतले. दोनशेहून अधिक स्त्रिया आल्या. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बक्षिसे होतीच, पण ज्या मंडळांनी समाजकार्यासाठी जास्त पैसा दिला त्यांनाही बक्षिसे होती. त्याच उन्हाळ्यात ईस्ट सेंट लुइसमध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. अधिवेशनाने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार करून झुंडहत्यांविरुद्ध कायदा करण्याची मागणी केली. थोडे दिवस आधी वॉकरबाई स्वतः हार्लेमच्या नेत्यांबरोबर व्हाइट हाउसला गेल्या होत्या आणि राष्ट्राध्यक्षांनी भेट नाकारल्यामुळे परतल्या होत्या. केशसेवा करणाऱ्या स्त्रियांच्या धंद्याच्या संमेलनाने असा ठराव करणे तेव्हा नवलाचे होते. मात्र या स्त्रियांचे उत्पन्न गोऱ्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते, म्हणून त्यांना तो करता आला.

२५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, वॉकरबाई मूत्रपिंडाच्या विकाराने आणि उच्च रक्तदाबाने वारल्या. हडसन नदीकाठी अर्व्हिंग्टन इथे, न्यूयॉर्क राज्यातील पहिले परवानाधारक कृष्णवर्णीय वास्तुविशारद व्हर्टनर टँडी यांनी बांधलेल्या त्यांच्या प्रशस्त घरात त्या जेमतेम वर्षभर राहिल्या. स्वकमाईने दशलक्षाधीश झालेल्या पहिल्या अमेरिकी स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या स्वतः मात्र, अजून तितका पैसा झालेला नाही, असे सांगत, आणि मृत्यूनंतर मोजलेली मालमत्ताही सहा-सात लाख डॉलरच्या घरात होती. शेवटच्या आजारपणात त्यांनी झुंडहत्यांविरुद्धच्या लढ्यासाठी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला ५ हजार डॉलर जाहीर केले. कंपनी लीलियाकडे आणि रॅन्सम यांच्याकडे राहिली. इंडियानापोलिसच्या एका चित्रपटगृहात कृष्णवर्णीय म्हणून दहा सेंटऐवजी पंचवीस सेंट मागितल्यावर वॉकरबाईंनी दावा लावला होता आणि स्वतःची इमारत बांधायचे ठरवले होते. ती नाट्यगृहासह १९२७ मध्ये उभी राहिली, आणि आजही उभी आहे.

मलमाची मागणी पुढे ओसरली, नवी उत्पादने आली, मोठ्या गोऱ्या कंपन्यांनाही हे गिऱ्हाईक दिसू लागले. वॉकर, पोरो आणि नंतर आलेली अपेक्स या कंपन्यांच्या शाळांनी घडवलेला कृष्णवर्णीय केशसेविकांचा वर्ग मात्र टिकला. जिचे गिऱ्हाईकही कृष्णवर्णीय आणि जागाही स्वतःची, तिला चळवळीत उतरल्याबद्दल नोकरीवरून काढणारे कोणी नव्हते. दक्षिणेत कृष्णवर्णीय शिक्षकांना नागरी हक्कांच्या संघटनेचे सभासद असल्याच्या कारणावरून शाळांतून काढले जात होते, तेव्हा हा फरक फार मोठा ठरला. मतदार नोंदणीसाठी लागणारी साक्षरता परीक्षा उत्तीर्ण व्हावी म्हणून प्रौढांना शिकवणारी पहिली ‘नागरिकत्व शाळा’ जानेवारी १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनातील जॉन्स बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झाली. तिच्यासाठी नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम शिक्षिका निवडली नाही. त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना बोलावले. त्या एकेकाळी न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या केशसेविका होत्या आणि चार्ल्स्टनमध्ये स्वतःचा धंदा चालवत होत्या.